वॅट किती, आणि आवाज किती?

गेल्या वैशाखांत एका लग्नानिमित्त आम्ही सर्व मंडळी जळगांवाहून धुळ्यास गेलों होतों. मांडवांत सनई-चौघडा होता व लाउडस्पीकर हजार वॅटांचा असल्याचें अभिमानानें सांगण्यांत येत होतें. परंतु सनईची नाजूक मींड आणि चौघड्याचा ठोका हीं दोन्ही एकाच पट्टींत चेपून बाहेर पडत होतीं. वडीलधारी मंडळी कान झांकून बसली. नातवानें विचारलें, "आजोबा, यंत्र एवढें बलवान, मग ठोका बोथट कां?"

प्रश्न मार्मिक होता. वॅट हें आवाजाचें माप नव्हे. तें विजेच्या खर्चाचें माप आहे. एक वॅट देऊन एक मीटरवर किती आवाज मिळतो, हें डेसिबेलांत सांगतात. ८८ डेसिबेलांच्या पेटींत शेंकडा अर्ध्याहूनहि कमी वीज आवाजरूपास येते. ९८ च्या पेटींत सुमारें ४ टक्के. बाकीची उष्णता होते. दहा डेसिबेलांचें अंतर म्हणजे दहापट शक्ति.

आतां हिशेब पाहा. मींडेहून ठोका २० डेसिबेलांनीं मोठा धरल्यास त्यास शंभरपट शक्ति लागते. ९८ च्या पेटीस मींडेसाठीं १ वॅट पुरला, तर ठोक्यास १०० लागतील. तेंच काम ८८ च्या पेटीकडून घेतां १० आणि १,००० वॅट! तेथें ॲम्प्लिफायर थकतो व ठोक्याचें शिर छाटलें जातें. शिवाय तांब्याचें वेटोळें १०० अंशांनीं तापलें, तर त्याचा विद्युत्‌रोध सुमारें ३९ टक्क्यांनीं वाढतो. वीज कमी शिरते व आवाज बसतो. आमच्या खानदेशी उन्हाळ्यांत तें निवावें तरी कसें?

१९३६ च्या डिसेंबरांत फैजपूर येथें काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. त्या काळीं ॲम्प्लिफायर अल्पशक्तीचे असत. म्हणून विशाल सभांस कर्णाच तारी. कर्ण्याच्या आकारामुळें पडद्याची हालचाल हवेस नीट पोंचते व थोड्या विजेंत शब्द दूर जातो. मात्र लहान कर्ण्यांतून खर्ज उतरत नाहीं. त्यासाठीं मोठी पेटीच हवी.

म्हणून घरच्या कार्यासाठीं लाउडस्पीकर ठरवितांना आधीं डेसिबेल विचारावे, मग वॅट. मोठ्या आवाजाचें कौतुक बाजार करो. गृहस्थानें मात्र हळू स्वर हळूच राहतो कीं नाहीं, हें पाहावें.