‘स्वॅब निगेटिव्ह आलाय, म्हणजे ओटी निर्जंतुक आहे’

ऑपरेशननंतर जखमेत पू झाला आणि नातेवाईक जाब विचारायला आले, की बहुतेक ठिकाणी एकच कागद पुढे केला जातो, तो म्हणजे ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) स्वॅबचा रिपोर्ट. त्यावर ‘नो ग्रोथ’ असं लिहिलेलं असतं. नातेवाईक गप्प बसतात. चौकशीला आलेले अधिकारीसुद्धा पुष्कळदा आधी हाच कागद मागतात. सिस्टरपासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘आमची ओटी पास आहे.’ हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात, म्हणून तो नीट खोडून काढणं भाग आहे.

स्वॅब कसा घेतात ते आधी पाहू. आदल्या संध्याकाळी ओटी पुसून, फ्युमिगेट करून कुलूपबंद केलेली असते. सकाळी पहिल्या केसच्या आधी, खोलीत कुणी नसताना टेक्निशियन आत जातो. सलाइनमध्ये भिजवलेली निर्जंतुक कापसाची काडी टेबलावर, दिव्याच्या दांडीवर, भुलीच्या मशीनवर, भिंतीवर, एसीच्या जाळीवर फिरवतो. पाच-सहा जागा होतात, त्याही प्रत्येकी तळहाताएवढ्या नसतात. पृष्ठभागावर जंतुनाशक शिल्लक असेल तर तेही काडीबरोबर लॅबमध्ये जातं आणि तिथे जंतूंची वाढ रोखू शकतं. मग 37 अंशांवर 24 ते 48 तास वाट पाहायची. रिपोर्ट हातात येतो तोवर त्याच ओटीत दोन दिवसांच्या केसेस होऊन गेलेल्या असतात. रिकाम्या खोलीतल्या पाच ठिपक्यांची परवाची बातमी दाखवून आजच्या रुग्णाला सुरक्षित कसं म्हणायचं?

ओटीतल्या हवेत जंतू येतात ते मुख्यतः माणसांबरोबर. चालत्या माणसाच्या अंगावरून मिनिटाला सुमारे 10,000 सूक्ष्म कण झडतात आणि त्यातल्या काहींवर जिवाणू असतात. म्हणून ब्रिटनच्या ‘एचटीएम 03-01’ या मार्गदर्शिकेत साध्या ओटीसाठी दोन वेगळ्या मर्यादा आहेत. खोली रिकामी असताना घनमीटर हवेत 10 जिवाणू-वसाहती चालतात, ऑपरेशन चालू असताना 180. म्हणजे मानक ठरवणारेही चालू ओटीत शून्याची अपेक्षा ठेवत नाहीत. ‘नो ग्रोथ’चा आग्रह आपणच धरून बसलो आहोत.

आणि हे काही नवं संशोधन नाही. ओटीत ठरावीक दिवसांनी असं सॅम्पलिंग करू नका, संसर्गाची साथ शोधायची असेल तेव्हाच करा, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं. 2003 च्या सूचनांत विनाकारण आणि दिशाहीन सॅम्पलिंग नको म्हणून पुन्हा बजावलं. तरी आपल्याकडे दर महिन्याला काड्या फिरतातच. त्यांचा उपयोग आहे, पण नव्या बांधकामानंतर, मोठ्या दुरुस्तीनंतर किंवा एकाच प्रकारचा संसर्ग ओळीने तीन-चार रुग्णांना झाला तर. तेव्हासुद्धा भिंती पुसून भागत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळे गमावण्याच्या अनेक साथींचा माग डोळा धुण्याच्या द्रवापर्यंत किंवा मशीनच्या आतल्या नळीपर्यंत लागलेला आहे. तिथला जंतू भिंतीवरच्या काडीला सापडणार कसा?

याच समजाचं भावंड म्हणजे फॉर्मॅलिनची धुरी. ‘डोळे चुरचुरतात म्हणजे जंतू मेले’ असं अजूनही ऐकू येतं. त्या धुरीतल्या फॉर्माल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2004 मध्ये काढला. रोजच्या कामात जंतुनाशकाची फवारणी नको, हेही सीडीसीच्या 2003 च्या सूचनांत आहे. पू असलेली केस झाली म्हणून ओटी दिवसभर बंद ठेवायचंही कारण नाही. प्रत्येक केसनंतर मावशी आणि मामा जे पुसणं-घासणं करतात, ते नीट होणं महत्त्वाचं. त्यांच्या हातात योग्य प्रमाणात कालवलेलं द्रावण आणि पुरेसा वेळ हवा, आणि नेमका तोच वेळ पुढच्या केसच्या घाईत कापला जातो.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीत. थंडीने जंतू मरत नाहीत. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, म्हणून रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या सूचनांत तो ओटीत वर्ज्य आहे. दारातल्या चिकट मॅटने जखमेचा संसर्ग कमी होत नाही. ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) टेपवर काळे पट्टे उमटले म्हणजे गठ्ठ्याला उष्णता लागली एवढंच कळतं, आतली कात्री निर्जंतुक झाली की नाही ते कळत नाही.

मग रोज मोजायचं काय? एनएबीएचने आकडे दिलेले आहेत: तापमान 21 अंश, तीन अंश इकडेतिकडे, आर्द्रता 20 ते 60 टक्के, तासाला किमान 20 वेळा हवाबदल, त्यातले 4 बाहेरच्या ताज्या हवेचे, आणि शेजारच्या जागेपेक्षा किमान 2.5 पास्कल जास्त दाब, म्हणजे फटीतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. तासाला 20 हवाबदल होत असतील तर हवेतले 99 टक्के कण सुमारे 14 मिनिटांत निघून जातात. हे काम धुरी करत नाही, पंखा आणि फिल्टर करतात. म्हणूनच वीजबिलासाठी रात्री एएचयूचा (हवा पुरवणाऱ्या यंत्रणेचा) ब्लोअर बंद करणं चूक आहे. कूलिंग बंद ठेवलं तर चालेल, ब्लोअर चालूच हवा.

हे आकडे लिहिण्याचं रजिस्टर बहुतेक रुग्णालयांत आहे, पण ते उघडून पाहा. महिनाभर 21 अंश, 55 टक्के, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं. ऐन जुलैत, कोकणात, बाहेर आठ दिवस संततधार असताना 55 टक्के. ओटी बंद असलेल्या रविवारीसुद्धा 55 टक्के. अशा नोंदीपेक्षा कोरं पान बरं, निदान मोजलं नाही एवढं तरी त्यावरून कळतं. विश्वास ठेवावा असं रजिस्टर वेगळं दिसतं. त्यात एखाद्या दुपारी आर्द्रता 68 लिहिलेली असते, शेजारी इंजिनिअरला फोन केल्याची वेळ, पुढची केस थांबवल्याची नोंद आणि दोन तासांनी 57. तपासणीला येणाऱ्यांनी अशा चढउतारांवर शेरे मारणं थांबवलं पाहिजे. शेरा पडतो म्हणूनच सिस्टर 55 लिहितात.

ऑटोक्लेव्हचंही तसंच. व्हॅक्यूमच्या मशीनची रोज पहिल्या लोडआधी बोवी-डिक चाचणी (आतली हवा पूर्ण निघते का ते पाहणारी), जिवंत बीजाणूंचा बायोलॉजिकल इंडिकेटर ठरल्या वेळी आणि इम्प्लांटच्या प्रत्येक लोडसोबत, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर मशीन, लोड क्रमांक, तारीख. तोच लोड क्रमांक रुग्णाच्या केसपेपरवर उतरवायला अर्धं मिनिट लागतं. इंडिकेटर पॉझिटिव्ह आला, की त्या लोडमधली हत्यारं कोणत्या रुग्णांना वापरली ते शोधून त्यांना बोलावून तपासावं लागतं, आणि केसपेपरवर तो क्रमांक नसेल तर कोणाला बोलवायचं हेच समजत नाही.