खुनी कळला, तरी गाजर उरतं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

रहस्यकथेचं आयुष्य तसं फार थोडं. खुनी कोण, हे कळेपर्यंतच. शेवटचं पान उलटलं की पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यात जायला मोकळं होतं. उत्तर आधीच ठाऊक असलेलं कोडं पुन्हा कोण सोडवत बसणार? मग दूरचित्रवाणीवरची गुप्तहेरांची मालिका कॅसेट किंवा डीव्हीडीच्या रूपात विकत घेऊन माणसं कपाटात कशासाठी ठेवतात? आणि ती बाजारात यावी म्हणून वर्षानुवर्षं वाट का पाहतात? आज बोलायचंय ते याच गोष्टीबद्दल.

माझा धंदा कवितेचा, म्हणून उत्तरासाठी आधी मी मुशायऱ्याकडे वळतो. चांगला शेर झाला की ऐकणारे ‘मुकर्रर’ म्हणतात, म्हणजे पुन्हा म्हणा. आता शेर तर ऐकून झालेला असतो, काफियाही कळलेला असतो. तरी तो पुन्हा हवा असतो, कारण आता लक्ष ‘काय म्हटलं’ यावरून ‘कसं म्हटलं’ यावर जातं. संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’ हाच. पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाच्या कॅसेटी ज्या घरांत होत्या, तिथे पुढचं वाक्य पोरांनाही पाठ असायचं आणि तरी हशा पिकायचाच. कोडं एकदाच सुटतं. विनोदाला मात्र मुकर्रर असतो.

म्हणून ज्या गुप्तहेराच्या अंगी थोडा वेडेपणा आहे, तोच जास्त काळ टिकतो. १९८५ साली दूरदर्शनवर ‘करमचंद’ ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक पंकज पराशर, करमचंदच्या भूमिकेत पंकज कपूर आणि त्याची मदतनीस किटी झालेल्या सुश्मिता मुखर्जी. पडद्यावरचा गुप्तहेर तोवर ओव्हरकोट घालून सिगारेट ओढायचा. हा गडी काळा चष्मा लावून गाजर खायचा! किटीने भाबडेपणाने काही विचारलं की ‘शट अप, किटी’ ठरलेलं, आणि उलगडा झाला की ‘सर, यू आर अ जीनियस’ हेही ठरलेलं. त्या भागांतले खुनी कोण होते, हे आज कुणाला विचारून पाहा. शंभरातल्या एखाद्यालाही सांगता येणार नाही. गाजर मात्र सगळ्यांना आठवतं.

ही युक्ती काही दूरदर्शनने शोधून काढलेली नव्हती. आमच्या घरी अब्बा इब्ने सफींच्या उर्दू कादंबऱ्या वाचायचे आणि शेजारच्या काकांकडे बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांची चळत असायची. इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ १९५२ मध्ये अलाहाबादेत सुरू झाली. १९५५ पासून त्यांनी ‘इमरान’ मालिका लिहिली, आणि हा इमरान सदानकदा च्युइंगम चघळत वेड पांघरून पेडगावला जायचा. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि धनंजयच्या जोडीला छोटू दिला. तिकडे अमेरिकेतल्या ‘कोलंबो’ मालिकेत तर खुनी सुरुवातीलाच दाखवून टाकत. पाहायचं काय, तर चुरगळलेला रेनकोट घातलेला तो फौजदार ‘जाता जाता एक विचारायचं राहिलं’ म्हणत परत कसा फिरतो, ते. लकब हीच खरी गोष्ट, खून हे निमित्त.

एवढं कबूल केलं, तर पुढचा प्रश्न येतो. पुन्हा पाहावंसं वाटतं, पण पाहायला ते शिल्लक आहे का?

पुस्तकाचं बरं असतं. आपल्या पुण्याच्याच पोराचं उदाहरण घ्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा, विद्याभवन शाळेत शिकणारा. रहस्याचा माग काढणारा आणि ‘टॉक्’ करणारा हा पोरगा वीस पुस्तकांतून भेटतो. १९५४ च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन मोठ्या ग्रंथालयांना द्यायची असते. पुस्तक दुकानातून गेलं तरी कुठेतरी असावं, अशी निदान सोय आहे. याच फास्टर फेणेवर १९८० च्या दशकात दूरदर्शनवर मालिका झाली, सुमीत राघवन त्यात फेणे झाला होता. मालिकेची प्रत अशी कुठे जमा करावी, असा कायदा नाही. सिनेमासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं आहे. मालिकांची भिस्त ज्याच्या त्याच्या कपाटावर.

या कपाटांचा अनुभव जगभर वाईट आहे. चित्रफीत महाग होती, आणि पुसून पुन्हा वापरता यायची. लंडनच्या बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकांत असे कितीतरी कार्यक्रम पुसले. ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या लाडक्या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत. त्यातले नऊ भाग २०१३ मध्ये परत मिळाल्याचं जाहीर झालं, तेही कुठे, तर नायजेरियात! परदेशी दाखवायला पाठवलेल्या प्रती तिथल्या केंद्रावर पडून होत्या म्हणून वाचल्या. पुसणं थांबलं, त्यामागे एक कारण हेही होतं की घरोघरी व्हिडिओ येऊ घातला होता. जुन्या कार्यक्रमाला गिऱ्हाईक मिळू शकतं, हे दिसू लागलं. ज्याला किंमत येते, ते माणूस जपतो. घरगुती व्हिडिओचं मोल मला वाटतं ते इथे. करमणूक आहेच, पण जपणुकीला तो निमित्त देतो.

आपल्याकडे हा व्यवहार कसा वाढला, तेही पाहण्यासारखं आहे. मुंबईची ‘शेमारू’ १९६२ मध्ये पुस्तकं भाड्याने देणारी लायब्ररी म्हणून निघाली आणि १९७९ पासून व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देऊ लागली. १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आलं, आणि गल्लोगल्ली व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे पाहण्याचे सोहळे सुरू झाले. पुढे व्हीसीडी आली. एका तबकडीत साधारण सव्वा तासाचा ऐवज मावायचा, म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेचे दोन-तीन भाग. मग डीव्हीडी. तिच्या चित्रात व्हीसीडीच्या चौपट बिंदू, त्यामुळे चेहऱ्यावरची बारीक रेषही दिसू लागली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, आणि सिनेमा भाजीच्या पिशवीतून घरी येऊ लागला. तीच कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तोवर तबकडीचा जमानाच ओसरला होता.

पण जुनी मालिका तबकडीवर काय किंवा इंटरनेटवर काय, आणणं म्हणजे नुसती नक्कल काढणं नव्हे. आधी मूळ चित्रफीत सापडायला हवी. तिच्यावरचा चुंबकीय थर ज्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेला असतो, तो हवेतला दमटपणा शोषतो आणि चिकट होतो. अशी फीत तशीच यंत्रात घातली, तर थर खरवडून निघतो आणि चित्र कायमचं जातं. म्हणून जाणकार तिला आधी मंद उबेत काही तास ठेवतात. ती वाचणारं यंत्र चालू स्थितीत मिळवणं हे वेगळंच दिव्य.

त्यानंतर चित्राचा आकार. तेव्हाचा पडदा चारास तीन या मापाचा, आजचा लांबट. पडदा भरावा म्हणून जुनं चित्र वरून-खालून कापलं, तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. रडक्या प्रसंगात ते कदाचित खपून जाईल. विनोदात नाही खपत, कारण विनोद पुष्कळदा कडेला, हातात, पायाशी घडत असतो. खुनी चौकटीत राहील आणि गाजर कापलं जाईल!

सगळ्यांत चिवट अडचण हक्कांची. १९८४ च्या ‘हम लोग’पासून आपल्याकडे प्रायोजित मालिकांची रीत पडली. निर्माता वेगळा, प्रायोजक वेगळा, दाखवणारी वाहिनी वेगळी. तीस-चाळीस वर्षांनी मालकी कुणाची, हे ठरवायलाच एक गुप्तहेर लागावा. संगीताचे हक्क आणखी निराळे. ‘करमचंद’ आला त्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमेरिकेत ‘मूनलायटिंग’ नावाची गुप्तहेरांचीच विनोदी मालिका सुरू झाली होती. तिच्यातून ब्रूस विलिस नावारूपाला आला. त्या मालिकेत गाजलेली गाणी इतकी वापरली होती, की त्यांचे हक्क सोडवता सोडवता इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाला २०२३ साल उजाडलं. मधल्या काळात ती पाहता आली, ती ज्यांच्याकडे डीव्हीडी होत्या त्यांनाच.

जपलेल्या गोष्टी कधी उपयोगी पडतील, सांगता येत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत नवं चित्रीकरण बंद पडलं, तेव्हा दूरदर्शनने जुनी कपाटं उघडली. ‘रामायण’ची चर्चा फार झाली. पण बासू चटर्जींची १९९३ ची ‘ब्योमकेश बक्षी’ही तेव्हा पुन्हा लागली. रजित कपूरचा तो शांत, धोतर नेसलेला सत्यान्वेषी भीतीने घरात कोंडलेल्या माणसांना तासभर दुसऱ्याच कोड्यात गुंतवून गेला. चित्रफिती शाबूत होत्या, म्हणून हे घडलं.

तेव्हा मंडळी, एक विनंती. तुमच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत व्हिडिओ कॅसेटी असतील. वर ‘राजूचं लग्न’ असं लिहिलेलं असेल, पण लग्नानंतर उरलेल्या फितीवर कुणीतरी दूरदर्शनवरचा कार्यक्रम, मधल्या जाहिरातींसकट, टिपून ठेवलेला असू शकतो. तो पुसायच्या किंवा रद्दीत द्यायच्या आधी बघा. कॅसेट आडवी रचू नका, उभी ठेवा. स्पीकरपासून, पावसाळी ओलीपासून लांब ठेवा. आत पांढरी बुरशी दिसली, तर यंत्रात घालू नका, जाणकाराला दाखवा. संगणकावर उतरवून घेतलीत, तर दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या जागी ठेवा. हे लवकर करायला हवं, कारण व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्येच उत्पादन थांबवलं. फीत टिकली आणि यंत्र उरलं नाही, तर ती फीत नुसतीच काळी रिबीन.

मोठमोठे ग्रंथ जपायला संस्था असतात, आणि त्या असायलाच हव्यात. हलक्याफुलक्या गोष्टींना मात्र वाली नसतो, कारण त्या हरवतील असं कुणाला वाटतच नाही. पण एका पिढीला कशाचं हसू येत होतं, हे तिच्या गंभीर ग्रंथांतून कळत नाही. ते अशा मालिकांतूनच कळतं. कुणी मुकर्रर म्हणालं, तर पुन्हा म्हणायला शेर शिल्लक हवा.