पादचाऱ्यांचे अपघात आणि भरपाईचा हक्क

आठवडी बाजार आटोपून एक शेतमजूर स्त्री सायंकाळी रस्त्याच्या कडेने गावाकडे परतत आहे. मागून भरधाव आलेले वाहन तिला धडक देते आणि तिच्या पायाचे हाड मोडते. गावकरी जमतात, वाहनाचा मालकही येतो. रात्री चार प्रतिष्ठितांच्या समक्ष पंधरा हजार रुपयांवर प्रकरण ‘आपसात मिटते’. ते पैसे पहिल्या शस्त्रक्रियेलाही पुरत नाहीत. काही महिन्यांनी डॉक्टर सांगतात की, पाय पूर्ववत होणार नाही, भांगलणीला बसता येणार नाही. तोपर्यंत वाहनाचा क्रमांक कोणाच्या स्मरणात नसतो, घटनास्थळाचा पंचनामा झालेला नसतो आणि औषधांच्या पावत्या केव्हाच केरात गेलेल्या असतात.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी अशा घटना आपल्यापैकी बहुतेकांच्या पाहण्यात आहेत. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५, म्हणजे जवळजवळ दर पाचांतील एक, पादचारी होते. पायी चालणाऱ्याजवळ ना विम्याचा कागद असतो ना वकील. तथापि कायद्याने त्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. भरपाईचा हक्क बहुधा न्यायालयात हरवत नाही. तो अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, कागदांअभावी हरवतो. यास्तव या हक्काचे स्वरूप शासकीय कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

हक्काचा पाया

पूर्वी अपघातग्रस्ताला भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जावे लागे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८२ च्या दुरुस्तीने चालकाचा दोष सिद्ध न करताही ठरावीक रक्कम मिळण्याचे तत्त्व प्रथम मान्य केले. आजचा कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीतील भरपाई व विमाविषयक प्रमुख तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या आहेत.

सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या वाहनाचा त्रयस्थ व्यक्तींसाठीचा विमा उतरविणे या कायद्याने सक्तीचे केले आहे. वाहनाच्या धडकेने जखमी होणारा पादचारी हाच तो ‘त्रयस्थ’. म्हणून विमा मालकाचा असला तरी त्याचे संरक्षण पादचाऱ्याला मिळते. विमा नसेल तर जबाबदारी मालकावर पडते. न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम दिली न गेल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते.

भरपाईचे दोन मार्ग

पहिला मार्ग दोषनिरपेक्ष भरपाईचा. कलम १६४ अन्वये मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये मिळू शकतात. चूक कोणाची, हे येथे सिद्ध करावे लागत नाही. हाड मोडणे ही गंभीर दुखापतच होय.

दुसरा मार्ग कलम १६६ खालील दाव्याचा. येथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो; परंतु रकमेला ठरावीक कमाल मर्यादा नाही. न्यायाधिकरण ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई व्याजासह देऊ शकते. अपघात जेथे झाला तेथे, दावेदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे दावा दाखल करता येतो. त्यामुळे परजिल्ह्यात जखमी झालेल्या मजुराला दाव्यासाठी तेथे खेटे घालण्याचे कारण नाही. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, असे कायदा सांगतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. पण त्यावर विसंबून न राहता मुदतीतच दावा करणे शहाणपणाचे.

या दोहोंतून निवड विचारपूर्वक करावी लागते. कलम १६४ खालील रक्कम विहित पद्धतीने स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. दुखापत कायमचे अपंगत्व आणणारी असेल तर अडीच लाखांवर घाईने सही करण्यापूर्वी सल्ला घेणे इष्ट.

चालकावरील फौजदारी खटला ही वेगळी बाब आहे. त्यात तो निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप फेटाळला जात नाही. दाव्यात संभाव्यता कोणत्या बाजूने अधिक आहे एवढेच पाहिले जाते. पादचाऱ्याची स्वतःची काही चूक आढळली तर त्या प्रमाणात रक्कम कमी होऊ शकते. पण ‘तो रस्त्याच्या मधून चालत होता’ एवढे म्हटल्याने हक्क नाहीसा होत नाही. सुरक्षित पदपथ मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले आहे.

रक्कम कशी ठरते

जखमी व्यक्तीला औषधोपचार, प्रवास, पोषक आहार, उपचारकाळात बुडालेली मजुरी, पुढील उपचार, भविष्यातील उत्पन्नाची हानी, तसेच वेदना आणि जीवनातील सुखांना मुकणे अशा बाबींखाली भरपाई मागता येते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला : शरीराचे अपंगत्व किती टक्के, यापेक्षा त्यामुळे कमावण्याची शक्ती किती टक्के घटली हे पाहावे. पाय अधू झालेल्या कारकुनाचे आणि पाय अधू झालेल्या शेतमजुराचे नुकसान सारखे नसते.

आरंभीच्या उदाहरणातील स्त्रीचे वय ४२ वर्षे आणि मासिक उत्पन्न १२,००० रुपये धरू. २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणातील निकालाप्रमाणे ४० ते ५० वयोगटातील स्वयंरोजगारी वा ठरावीक मजुरीवरील व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी २५ टक्के मिळवितात. हे उत्पन्न महिना १५,००० व वार्षिक १,८०,००० रुपये होते. कमावण्याची शक्ती ३० टक्के घटली असे ठरल्यास वार्षिक हानी ५४,००० रुपये. ४१ ते ४५ या वयोगटासाठी गुणक १४ आहे. म्हणजे केवळ भावी उत्पन्नाची हानी ७,५६,००० रुपये होते. उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी आणि वेदनांबद्दलची रक्कम याहून निराळी. आपसात मिटलेल्या पंधरा हजारांशी या आकड्याची तुलना वाचकांनीच करावी.

मजुरीची पावती नाही, म्हणून उत्पन्न शून्य असे न्यायालय मानत नाही. गृहिणीच्या घरकामालाही आर्थिक मूल्य आहे आणि त्यानुसार तिचे उत्पन्न धरले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती प्रकरणात पुन्हा अधोरेखित केले आहे.

वाहन पळून गेल्यास

वाहनाचा क्रमांकच कळला नाही तर काय? अशा अपघातांसाठी स्वतंत्र योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून तीत मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये देण्याची तरतूद आहे. अर्ज न्यायालयात नव्हे, तर अपघात जेथे झाला त्या भागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या उपविभागीय अधिकारी वा तहसीलदार दर्जाच्या महसूल अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. त्याने एका महिन्यात अहवाल द्यावा, दावा निवारण आयुक्त या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यावी आणि पुढील पंधरा दिवसांत रक्कम बँक खात्यात जमा व्हावी, असा क्रम आहे. पुढे वाहन सापडून अन्य भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करावी लागते.

या योजनेचा लाभ किती जणांना मिळाला? २०२२ या एका वर्षात देशात असे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. उलट, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ च्या आदेशात उल्लेखिलेल्या माहितीप्रमाणे पाच वर्षांत मिळून केवळ ६६० मृत्यूंच्या आणि ११३ जखमींच्या प्रकरणांत भरपाई दिली गेली होती. निधी होता, योजना होती, अर्जदारच नव्हते. म्हणून न्यायालयाने आदेश दिला की, गुन्हा नोंदल्यापासून एक महिन्यात वाहनाचा तपशील मिळाला नाही तर पोलिसांनी जखमीला वा मृताच्या वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यावी.

उपचार आधी

कोणत्याही डॉक्टराने पोलिसांच्या सोपस्कारांची वाट न पाहता तातडीचे उपचार केले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिनांकापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. जखमीला रुग्णालयात पोहोचविणाऱ्या सज्जनाला कलम १३४-अ ने दिवाणी व फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण दिले आहे. ‘उगाच साक्षीचे लचांड मागे लागेल’ या भीतीने कोणी जखमीला रस्त्यावर सोडून जाऊ नये.

पहिल्या दिवसांतील कागद

उपचार सुरू होताच पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

१. वाहनाचा क्रमांक टिपून ठेवावा आणि साक्षीदारांची नावे लिहून घ्यावीत. शक्य तर छायाचित्रे काढावीत.

२. पोलीस ठाण्यात प्रथम खबर नोंदवून तिची विनामूल्य प्रत घ्यावी.

३. ‘पडून लागले’ असे नव्हे, तर ‘वाहनाच्या धडकेने’ असेच कारण रुग्णालयाच्या नोंदीत यावे. ही एक चुकीची ओळ पुढे दाव्याच्या आड येते.

४. उपचारांची व प्रवासाची प्रत्येक पावती, क्ष-किरण चित्रे आणि रुग्णालयातून सुटीचा कागद एकत्र ठेवावा.

५. उपचारांनंतर व्यंग राहिल्यास अपंगत्वाचा दाखला घ्यावा.

नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा विहित नमुना दहा दिवसांत मिळाला पाहिजे. तो मागून घ्यावा.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून दावा सोडण्याचे कारण नाही. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व अपंग व्यक्ती, तसेच विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून किंवा तालुका समितीकडून मोफत साहाय्य मिळते. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही विचारणा करता येते.

आपले काम

ग्रामपंचायतीच्या फलकावर वरील पाच गोष्टी लिहून लावणे कठीण नाही. शिक्षकांनी शाळेतील मुलांना वाहनाचा क्रमांक टिपून ठेवण्याची सवय लावली तर तीच मुले उद्या उत्तम साक्षीदार ठरतील. तलाठी व ग्रामसेवक यांनी अर्जासोबतचे दाखले अडवून न धरता तत्परतेने दिले, तर मुदत हुकणार नाही. आणि रात्री चावडीवर प्रकरण मिटविण्यास बसणाऱ्या चौघांपैकी एकाने जरी ‘आधी खबर नोंदवू, मग बोलू’ एवढे म्हटले, तरी बाजारातून परतणाऱ्या त्या स्त्रीच्या पुढील आयुष्याचा आधार वाचेल.