मांद्र्याच्या वाळूत नाही, पण उसगावात?

आफ्रिकेतल्या माली देशात, बुराकेबुगू गावात १९८७ साली पाण्यासाठी बोअर मारली. पाणी लागलंच नाही, वारा तेवढा आला. पेटती सिगारेट घेऊन एकजण वाकला आणि भडका उडाला! भोक बुजवलं. २०१२च्या सुमारास त्याच वायूवर गावात दिवे लागले. त्यात ९८ टक्के हायड्रोजन होता.

जमिनीखाली असा हायड्रोजन बनायची एक वाट अशी: ऑलिव्हिनसारख्या खनिजांतलं लोह गरम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. हायड्रोजन सुटा होतो.

मग आपल्या गोव्यात? मांद्र्याच्या वाळूत असा हायड्रोजन शोधणं व्यर्थ. डिचोलीचं लोहखनिज तर आधीच गंजलेलं. आशा धरायची तर उसगावच्या किंवा तेरेखोलपलीकडे कणकवलीजवळच्या, ऑलिव्हिन आणि क्रोमाइट असलेल्या काळपट खडकांची. पण वायू साठायला वर घट्ट झाकणही लागतं. मालीत ते डोलेराइट खडकाच्या थरांनी पुरवलं.