सह्याद्रीतील वसंतपुष्पे व वणव्यापासून त्यांचे रक्षण

सह्याद्रीतील फुले म्हटली की पावसाळ्यानंतर बहरणारी पठारेच बहुधा डोळ्यांपुढे येतात. परंतु याच डोंगरांत माघापासून चैत्रापर्यंत, गवत वाळून गेलेले असताना, झुडपांचा एक स्वतंत्र बहर येतो. सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेले चांदोली राष्ट्रीय उद्यान (घोषणा २००४) व त्याभोवतालचे डोंगर ही हा बहर पाहण्याची उत्तम ठिकाणे होत. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यांत हे उद्यान आहे.

या बहरात तीन झाडे प्रमुख आहेत. अंजनीच्या फांद्यांना लगटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. धायटी उघड्या उतारावर वाढते. तिच्या लाल, नळीसारख्या फुलांतील मध शिंजीर पक्षी चाखतात व तीच फुले आयुर्वेदीय आसवारिष्टांत वापरतात. करवंदीची पांढरी, सुवासिक फुले फाल्गुनात उमलतात आणि वैशाखात फळ पिकते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या बहराचे मोल मोठे आहे. सातेरी मधमाशीला उन्हाळ्यात अन्न मिळते ते अशाच फुलोऱ्यातून. महाबळेश्वरजवळील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले, त्याचा आधारही भोवतालचे रानच आहे. शिवाय झुडपांची मुळे उतारावरील माती धरून ठेवतात.

नेमक्या याच काळात वणवे लागतात. वणव्यात फुलोरा जळाला की त्या वर्षी करवंदे मिळत नाहीत. झाडांच्या ढोलीतील मधमाश्यांची वसाहत नष्ट होते. आणि उघड्या पडलेल्या उतारावरील माती पहिल्या पावसाबरोबर खालच्या भातखाचरांत व ओढ्यांत वाहून येते. गवत जाळल्याने पुढील वर्षी ते चांगले वाढते, ही समजूत या हानीपुढे फार महाग पडते.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. रानालगतच्या शेताच्या कडेने होळीपूर्वीच गवत कापून मोकळा पट्टा ठेवावा.

२. राब भाजण्याऐवजी गादीवाफ्यावर भाताची रोपे तयार करावीत. राब भाजणे अपरिहार्य असल्यास भोवतालचा पालापाचोळा झाडून, वारा पडलेला असताना, पाणी जवळ ठेवून भाजावा व विस्तव पूर्ण विझल्याखेरीज जागा सोडू नये.

३. बांधावर करवंदीचे कुंपण करावे. पिकलेल्या फळांतील बी धुऊन ताजेच पेरावे व रोपे पुढील पावसाळ्यात लावावीत.

राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून फुले, फळे वा लाकूड नेणे व तेथे आग लावणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. परंतु वणवा विझविण्यास प्रथम धावून जातात ते पायथ्याचे गावकरीच. तो लागूच नये याची दक्षता गावाने घेतली, तर रानातील फुलोऱ्याचा लाभ गावालाच मिळेल.