बेसुरेपणाचा लाभ

श्रावण सरू लागला, की कासारवाडीपासून पिंपरीपर्यंत ढोल-ताशा पथकांचा सराव रंगू लागतो, आणि त्या गदारोळातही कान स्थिर ठेवणाऱ्यास असे आढळते, की तळाचा नाद ढोलाने, मधला कडकडाट ताशाने आणि माथ्याचा झणत्कार झांजेने आपल्या अंमलाखाली घेतला असून सहसा कोणी दुसऱ्याच्या इलाख्यात शिरत नाही. बेस ड्रम, स्नेअर आणि सिंबल यांची वाटणी याच धर्तीची. मात्र ड्रमसेटमध्ये साऱ्यांची मुखत्यारी एकाच वादकाकडे असते. शिकागोच्या विल्यम लडविगने १९०९ साली बेस ड्रम पायाने वाजविण्याचे जलद चालणारे पेडल बनविले, तेव्हा ही मुखत्यारी खऱ्या अर्थाने पक्की झाली.

परंतु हाच संच जाझ, रॉक आणि लावणीच्या ऑर्केस्ट्रातही बिनदिक्कत का खपतो? एकसारख्या जाडीच्या गोल पडद्यावर आघात केला असता मूळ नादासोबत त्याच्या १.५९, २.१४, २.३० अशा आडमुठ्या पटींचे उपनाद उमटतात, आणि त्यांतून कानाला निश्चित स्वर सहसा गवसत नाही. तबल्याची तऱ्हा उलट. शाईच्या लेपामुळे हे उपनाद जवळजवळ पूर्णांकी पटींत येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये भारतीय चर्मवाद्यांविषयी लिहिताना दाखविले. सबब तबला गायकाच्या पट्टीशी बांधलेला; पट्टी बदलली, की हातोडी हाती घ्यावी, नाहीतर दुसरा तबला काढावा. मला स्वतःला तबल्याची ही कुलीनता अधिक प्रिय आहे. पण ज्याला स्वतःचा स्वर नाही, त्याचे कोणत्याच स्वराशी वैर नसते, हेही खरे.

शिवाय संचाचा स्वभाव पालटण्याची तजवीज त्याच्या अंगातच असते. ताण चौपट केल्यास कंप्रता दुप्पट होते. म्हणून जाझवाला बहुधा अठरा इंची बेस ड्रम ताठ ठेवून त्याला घुमू देतो, तर रॉकवाला बावीस इंचीत उशी कोंबून त्याचा घुमारा आखडतो. स्नेअरच्या खालच्या पडद्याला टेकलेल्या तारा खटक्याने दूर केल्या, की त्याची करकर थांबते.

गायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू, जन्म मुंबईचा, १९५१चा, यांनी ड्रमशेजारी तबला मांडून या संचाचे स्वरदारिद्र्यही भरून काढले. ते वाजते धातुवाद्य बादलीतल्या पाण्यात बुडवितात; पाण्याचा भार चढताच कंपने मंदावतात आणि नाद सरसर खाली घसरतो.