भिंतीवरचा शिकारी ओळखा

मुक्ताईनगरच्या घरात खिडकीच्या चौकटीवर माशीवर दबा धरून बसलेला, बोटाच्या पेराहून लहान कोळी दिसला, तर आधी त्याचे डोळे पाहा. आठांपैकी समोरचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे टपोरे असले, की तो उडी मारणारा कोळी. शिकारीसाठी तो जाळे विणत नाही. मागच्या पायांत रक्ताचा दाब वाढवून थेट झेपावतो.

चपटा, करडा, कडेला पांढऱ्या रेघा असलेला तो मेनेमेरस बायव्हिटॅटस. काळ्या अंगावर मधोमध पांढरा पट्टा असेल तर प्लेक्सिपस पायकुली, तोही नर. मादी तपकिरी, त्यामुळे फसगत ठरलेली!

ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या अशाच उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये २६/११ चे शहीद तुकाराम ओंबळे यांचे नाव देण्यात आले: आयसियस तुकारामी.